माध्यमिक शाळांतील ग्रंथसंग्रह आणि वाचनाची गोडी : एक ऐतिहासिक आलोचन

शाळेच्या दप्तरात ज्या नोंदवह्या पिढ्यान् पिढ्या जपून ठेवल्या जातात, त्यांत जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीचा मान मोठा आहे. बाके, फळे, घड्याळ, नकाशे, पाण्याची पिंपे या सर्वांचा हिशेब तीत असतो. ग्रंथांसाठी निराळी दाखल नोंदवही ठेवण्याची रीत आहे, हे खरे. तथापि तिची प्रकृती जडवस्तुसंग्रहाच्या वहीहून फारशी भिन्न नाही. ग्रंथ केव्हा आला, कोणाकडून आला, त्याची किंमत काय, एवढे तीवरून कळते. तो कोणी वाचला हे कळत नाही. ते ज्या वहीवरून कळले असते, ती देवघेवीची वही भरली की बहुधा रद्दीत जाते. मराठी मुलखातील माध्यमिक शाळांच्या ग्रंथालयांचा इतिहास लिहू पाहणारास पहिली अडचण येते ती ही. आणि त्या इतिहासाचा मुख्य धागाही या अडचणीतच गवसतो. ग्रंथ ही शाळेची मालमत्ता मानली गेली, तिच्या रक्षणाची जबाबदारी एका शिक्षकाच्या शिरावर ठेवली गेली, आणि रक्षण व वाचन यांत विरोध आला तेव्हा बहुधा रक्षणाचीच सरशी झाली. ज्या थोड्या ठिकाणी याच्या उलट घडले, त्या ठिकाणी वाचनाची गोडी लागल्याचा पुरावा मिळतो. ती ठिकाणे बहुतेक शाळेच्या कपाटाबाहेरची आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

प्रारंभी ग्रंथरक्षणाची चिंता अनाठायी होती असे मात्र म्हणता येणार नाही. मौंटस्टुअर्ट एलफिन्स्टन याने 1823 साली शिक्षणविषयक जे टिपण लिहिले, त्यात शाळा वाढविण्याच्या बरोबरीने देशी भाषांतून पुस्तके तयार करणे व ती मुबलक पुरविणे यावर भर होता. छापील मराठी पुस्तक ही त्या काळी दुर्मिळ वस्तू होती. दुर्मिळ वस्तू कुलपात राहणारच. पुढे मुद्रण वाढले, पुस्तके स्वस्त झाली, पण कुलूप राहिले. संस्थांच्या इतिहासात असे वारंवार दिसते की एखाद्या गरजेतून निघालेली रीत ती गरज संपल्यावरही शिस्तीच्या नावाने टिकून राहते.

दुसरे कारण परीक्षेचे. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, 1859 साली झाली. रानडे व भांडारकर हे त्या पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी होत. तेव्हापासून हायस्कूल म्हणजे मॅट्रिकची तयारी असे समीकरण रूढ झाले. शिक्षण इंग्रजीतून असल्यामुळे हायस्कुलातील कपाटात इंग्रजी ग्रंथांचा भरणा होणे ओघानेच आले. आणि ज्या मुलाला इंग्रजी क्रमिक पुस्तकाचे पान उलगडताना घाम फुटतो, त्याने स्कॉटच्या कादंबऱ्या आपण होऊन उघडाव्या अशी अपेक्षा करणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास थेट डोहाची वाट दाखविण्यासारखे होते. मराठी ग्रंथांची स्थिती याहून कठीण. विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठी लवकरच बाहेर पडली व ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. ज्या भाषेला परीक्षेत मान नाही, तिच्या ग्रंथांना शाळेच्या खर्चात मान कोठून मिळणार? मुलांसाठी मराठीत आवडीचे वाचन निर्माण करण्याचे काम त्यामुळे नियतकालिकांनी उचलले. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ 1881 साली निघाले, वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ 1906 साली. ही मासिके मुलांच्या हाती पडत ती मुख्यतः घरच्या वर्गणीतून. गावोगावच्या नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या होत्या, पुण्याची तर 1848 पासूनची. परंतु त्याही वर्गणीवर चालणाऱ्या आणि प्रौढांसाठी. ज्याच्या घरी वर्गणी भरण्याची ऐपत नाही, अशा मुलाला शाळेच्या कपाटाखेरीज दुसरा आधार नव्हता. आणि शाळेचे कपाट बंद होते.

असा एक मुलगा मुंबईत होता. त्याच्या वाचनाची हकीकत चरित्रग्रंथांत नोंदली गेली आहे, म्हणून ती येथे थोड्या विस्ताराने पाहणे योग्य होईल. भीमराव रामजी आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते. पाठ्यपुस्तकांपलीकडचे ग्रंथ विकत घेऊन वाचण्याची त्यांना अनावर ओढ होती, आणि ती पुरविण्यासाठी सुभेदार रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जाऊन उसने पैसे आणीत, प्रसंगी त्यांचा दागिना मागून तो गहाण टाकीत. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर हे शिक्षक व ग्रंथकार फिरावयास येत. रोज एकाच जागी पुस्तकात डोके घालून बसलेला मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला, त्यांनी चौकशी केली, आणि पुढे ते त्याला वाचावयास पुस्तके देऊ लागले. आंबेडकरांचा सत्कार झाला त्या सभेत केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही सभा 1907 साली मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यानंतरची, असे चरित्रकार सांगतात. आंबेडकरांनी मात्र आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ती इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यावर भरली असे नमूद केले आहे. या दोन कथनांतील अंतर संशोधकाने ध्यानात ठेवावे. त्या पुस्तकाचा आपल्यावर खोल परिणाम झाला, हे मात्र त्यांनी स्वतःच सांगितले आहे. आणि सुमारे अर्धशतकानंतर त्या वाचनाचे काय फळ आले हे सर्वश्रुत आहे.

या हकीकतीत पुस्तके येतात ती पित्याच्या कर्जातून, बहिणींच्या दागिन्यांतून आणि एका शिक्षकाच्या पदरातून. केळूसकर हे काही त्या मुलाच्या शाळेतील शिक्षक नव्हते. त्याच शाळेत फळ्याच्या मागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून, या मुलाला फळ्यापाशी बोलावताच वर्गात धावपळ उडाली, ही आठवणही चरित्रात आहे. ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना इमारत, ग्रंथसंख्या व अनुदान यांचा हिशेब देऊन थांबण्याची प्रथा आहे. परंतु फळीपर्यंत कोणाचा हात पोहोचत होता, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नाही. वर्गणी, इंग्रजी, कुलूप आणि स्पर्श असे एकामागे एक उंबरे होते, आणि ते सर्व ओलांडणारा मुलगा विरळा.

केळूसकरांनी ते बुद्धचरित्र बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते. हा निव्वळ योगायोग नव्हे. ग्रंथ वाचकाकडे गेला पाहिजे, हा विचार त्या काळी राज्यकारभाराचे धोरण म्हणून जर कोठे राबविला गेला असेल तर तो बडोद्यास. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घराण्यातील या मुलाची अक्षरओळख 1875 साली दत्तक गेल्यानंतर, वयाच्या बाराव्या वर्षी झाली. लहानपणी ज्याला पुस्तक मिळाले नाही त्याने पुढे पुस्तकांची वाट राज्यभर मोकळी करावी, यात काही संगती असेल तर ती वाचकांनीच पाहावी. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी 1893 साली अमरेली तालुक्यात केला आणि 1906 साली तो सर्व राज्यास लागू केला. मग प्रश्न उभा राहिला, की शाळा सोडल्यावर शिकलेले टिकावे कसे? अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी 1910 साली विल्यम अॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते निर्माण केले. आपल्या खासगी संग्रहातील सुमारे 20,000 ग्रंथ त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला दिले. बॉर्डनने 1911 साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू केला. पुढे त्याच्या मागून खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. 1912 साली निघालेले खात्याचे त्रैमासिक इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी मजकूरही देत असे.

या योजनेत शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे फिरत्या ग्रंथालयाची पेटी. मजबूत लाकडी पेटीत साधारणपणे पंधरा ते तीस पुस्तके भरून ती शाळांकडे, खेड्यांतील वाचनालयांकडे, किंबहुना जबाबदारी घेणाऱ्या एखाद्या गृहस्थाकडेही पाठविली जाई. जाण्यायेण्याचे भाडे खाते सोशी. पेटी घेणाराला वर्गणी नव्हती. पुस्तके वाचून झाली की पेटी परत जाई व दुसरी येई. वरवर पाहता ही व्यवस्था किरकोळ वाटते. पण कायमच्या कपाटात जे कधीच घडत नाही ते पेटीत आपोआप घडते: पुस्तके बदलतात. कपाटातील त्याच त्या चाळीस पाठीकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या मुलाची जिज्ञासा मरून जाते. पेटी उघडण्याच्या दिवशी मात्र भोवती गर्दी होते. शिवाय पेटीतील पुस्तके शाळेच्या मालकीची नसल्यामुळे शिक्षकाला ती ‘सांभाळून ठेवण्यात’ भूषण नव्हते. ती ठराविक मुदतीत वाचून परत करणे यातच त्याचे काम होते. जबाबदारीचा रोख रक्षणावरून वापराकडे वळविण्याची ही युक्ती साधी होती, आणि म्हणूनच तिचे श्रेय मोठे. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. मुलांना वाचावयास मराठी व गुजरातीत पुस्तकेच नाहीत ही उणीव ओळखून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. ‘श्रीसयाजीसाहित्यमाला’ व ‘श्रीसयाजीबालज्ञानमाला’ या मालांतील पुस्तके त्यातून निघाली. मालेतील सारीच पुस्तके मुलांना रमविणारी होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ज्ञान देण्याची घाई त्यांतील काहींच्या पानोपानी दिसते, आणि ज्ञानाची घाई झालेला लेखक बालवाचकाला लवकर गमावतो. तथापि ग्रंथनिर्मिती, ग्रंथपालाचे शिक्षण, वाहतूक आणि वाचक या चारही टोकांचा विचार एका सूत्रात येथे झाला. ब्रिटिश मुलखातील शाळांना असे सूत्र लाभले नाही. मुंबई इलाख्यात ग्रंथालयांच्या विकासाची योजना आखण्यासाठी फैजी समिती नेमली गेली ती 1939 साली, म्हणजे बडोद्याच्या खात्यानंतर एकोणतीस वर्षांनी. योगायोगाने सयाजीराव त्याच वर्षी निवर्तले.

बडोद्याचा मार्ग राजसत्तेचा. अमळनेरास जे घडले त्यामागे सत्ता नव्हती, निधीही नव्हता. पांडुरंग सदाशिव साने 1924 साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले व पुढे त्यांच्याकडे छात्रालयाची व्यवस्था आली. छात्रालयातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दिवसभर शाळा, मुलांची देखभाल, आजाऱ्यांची शुश्रूषा, आणि मग रात्री जागून उद्याचा अंक. जगातील घडामोडी, थोरांची चरित्रे, छात्रालयातील लहानसहान गोष्टी असे सर्व त्यात येई. सकाळी उठून मुले ते वाचीत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालविले. 1930 साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

हस्तलिखित दैनिकाला ग्रंथालय म्हणता येईल काय, असा आक्षेप संभवतो. शास्त्रीय व्याख्येने म्हणता येणार नाही. परंतु वाचनाची गोडी हा विषय असेल तर हा पुरावा वगळून चालणार नाही. वाचनाला प्रवृत्त करणारे जे घटक ग्रंथालयशास्त्राने पुढे सांगितले, म्हणजे मजकूर वाचकाच्या वयाला व भोवतालच्या जीवनाला जुळणारा हवा, तो नित्य नवा हवा, आणि तो हाताशी हवा, ते तिन्ही त्या एका कागदावर एकत्र आले होते. चौथा घटक व्याख्येत बसत नाही. मुलांना ठाऊक होते की हे कोणीतरी आपल्यासाठी रात्र जागून लिहिले आहे. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची रचना रोज रात्री मित्रमंडळींना सांगितलेल्या आठवणींची आहे, यातही छात्रालयातील त्या नित्यक्रमाचा अंश पाहता येतो. आज ज्या शालेय ग्रंथालयात हे पुस्तक नाही असे ग्रंथालय महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल, आणि त्याची प्रत जितकी फाटकी तितकी ती वाचली गेली असे समजावे. ग्रंथपडताळणीत मात्र फाटकी प्रत हा दोष ठरतो.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यांतील पहिला सिद्धान्त ग्रंथ उपयोगासाठी आहेत एवढाच आहे. वाचणाराला क्षणभर वाटते, यात सिद्धान्त तो काय? पण युरोपातील मठांत व विद्यापीठांत ग्रंथ साखळदंडाने फळीला जखडून ठेवीत असत, आणि साखळ्या गेल्यावरही ती वृत्ती जावयास शतके लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साध्या वाक्याचे बळ कळते. 1942 साली शालेय व महाविद्यालयीन ग्रंथालयांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वाचकाने स्वतः फळीपाशी जाऊन ग्रंथ हाताळावा व निवडावा, या मुक्तद्वार पद्धतीचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला.

स्वातंत्र्यानंतर डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या माध्यमिक शिक्षण आयोगाने 1953 साली अहवाल दिला. त्यातील ग्रंथालयविषयक परिच्छेद आजही वाचनीय आहेत, कारण त्यांत सरकारी अहवालाला न शोभणारा रोखठोकपणा आहे. ज्याला ग्रंथालय म्हणावे असे ग्रंथालय बहुसंख्य शाळांत नाहीच. पुस्तके जुनी, कालबाह्य, मुलांच्या आवडीनिवडीचा विचार न करता घेतलेली. ती थोड्याशा कपाटांत, अपुऱ्या व अनाकर्षक खोलीत ठेवलेली. आणि त्यांवर देखरेख एखाद्या कारकुनाची किंवा ज्याला ना ग्रंथांवर प्रेम ना ग्रंथालयतंत्राचे ज्ञान अशा एखाद्या उदासीन शिक्षकाची, असे आयोगाचे निरीक्षण होते. आयोगाच्या शिफारशी त्याला अनुसरूनच होत्या. ग्रंथपाल प्रशिक्षित असावा व त्याचे वेतन आणि दर्जा ज्येष्ठ शिक्षकाच्या बरोबरीचा असावा. मध्यवर्ती संग्रहाखेरीज वर्गावर्गातून लहान संग्रह असावेत. फळ्या खुल्या असाव्यात. सर्वच शिक्षकांना ग्रंथालयाच्या कामाची मूलतत्त्वे शिकविली जावीत. आणि जेथे सार्वजनिक ग्रंथालय नाही तेथे शाळेचे ग्रंथालय गावालाही उपलब्ध व्हावे.

यांतील वर्गसंग्रहाची सूचना अनेक शाळांनी उचलली, कारण तिला खर्च कमी. वर्गशिक्षक पन्नासेक पुस्तके आपल्या वर्गात घेऊन येतो, वर्गातीलच एखादा विद्यार्थी देवघेव पाहतो, शनिवारी वाटप होते. महाराष्ट्रातील कित्येकांच्या वाचनाचा आरंभ अशा वाटपातून झाला. बडोद्याच्या पेटीचेच हे धाकटे रूप होय. फळ्या खुल्या करण्याची शिफारस मात्र मागे पडली, आणि तिचे कारण पुन्हा तेच. वार्षिक पडताळणीत जितकी पुस्तके कमी भरतील तितक्यांचा जाब एका माणसाला द्यावा लागतो. हरवलेल्या वा जीर्ण पुस्तकाच्या निर्लेखनासाठी ठराव, मंजुरी व पत्रव्यवहार यांची जी दगदग करावी लागते, ती पाहता कोणताही समंजस मनुष्य किल्ली खिशात ठेवणेच पसंत करील. ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकावर अरसिकतेचा आरोप करण्याची लकब शिक्षणविषयक लेखनात आढळते. ती न्याय्य नाही. एकही पुस्तक न गमावल्याबद्दल ज्याची पाठ थोपटली जाते, आणि एकही पुस्तक न वाचले गेल्याबद्दल ज्याला कोणी प्रश्न विचारीत नाही, त्याने दुसरे काय करावे?

महाराष्ट्र राज्याने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम केला. शालेय ग्रंथालये शिक्षण खात्याच्या कक्षेत राहिली, आणि शिक्षकेतर सेवकांच्या नेमणुकीचे निकष विद्यार्थिसंख्येशी बांधले गेल्यामुळे लहान शाळांना पूर्ण वेळ ग्रंथपाल मिळणे दुरापास्त झाले. क्रमिक पुस्तकांत स्थूलवाचनाचे पाठ आले, पण त्यांवरही प्रश्न निघू लागताच त्या पाठांचेही मार्गदर्शक बाजारात आले. ‘किशोर’ मासिक 1971 साली सुरू झाले व त्याने ‘बालबोध’ची परंपरा शासकीय बळावर पुढे नेली. वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका आली. गैरहजर शिक्षकाचा वर्ग सांभाळण्यासाठी ती हमखास उपयोगी पडते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या अधिनियमाने प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील ग्रंथ असलेले ग्रंथालय अनिवार्य केले. गोष्टींच्या पुस्तकांचा कायद्यात नावानिशी उल्लेख व्हावा ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु तो अधिनियम इयत्ता आठवीपर्यंतचा. नववी व दहावी, म्हणजे भीमराव ज्या वयात बागेत जाऊन वाचीत होते ती वर्षे, त्याच्या कक्षेबाहेर राहिली. 2015 पासून 15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी कपाटे उघडतात.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी शताब्दी उलटून गेलेल्या हायस्कुलांच्या माळ्यांवर शोध घेणे अगत्याचे आहे. दाखल नोंदवह्या तेथे मिळतील. देवघेवीची एखादी वही चुकून राहिली असेल, तर तीत पुस्तकाचे नाव, मुलाचे नाव, नेल्याची तारीख व आणल्याची तारीख असे चार रकाने असतील. आणि त्यांतील शेवटचा रकाना काही ठिकाणी कोरा असेल.